व्हॅनमधे सामानाचे खण आणि कुत्रीसाठी कप्पा करतोय, मांडणी बघून सांगा

चिंगीसोबत

नमस्कार मंडळी. जुनी मालवाहू व्हॅन घेतलीये, मागे पूर्ण रिकामी, नुसता पत्रा. मी नळ-पाइप दुरुस्तीची कामं करतो त्यामुळे हत्यारं आणि सुटे भाग रोज बरोबर लागतात, आणि चिंगीही रोज बरोबर असते. चिंगी म्हणजे माझी कुत्री, ८ वर्षांची, २६ किलो, पिल्लू होती तेव्हापासून माझ्यासोबत गाडीत फिरतेय, घरी ठेवली तर मी येईपर्यंत दारापाशी बसून राहते.

इतके दिवस ती ड्रायव्हर सीटच्या मागे जुन्या चादरीवर मोकळीच बसायची. गेल्या महिन्यात समोर अचानक एक सायकल आली, मी ब्रेक दाबला, वेग फार नव्हता, तरी चिंगी घसरत येऊन सीटच्या लोखंडी पायावर आपटली आणि तिच्या मागोमाग पान्ह्यांची पेटी आली ती तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. दोन दिवस लंगडत होती. गाडी कडेला घेऊन मी तिचे चारी पाय चाचपत बसलो होतो आणि ती उलट माझाच हात चाटत होती. आता हे असं चालणार नाही, नीट काहीतरी बनवायचंच.

मागची जागा: लांबी २४० सेंमी, रुंदी १५०, पण चाकांच्या कमानींमधे ११५, उंची १३०. मागे दोन पल्ल्यांचा दरवाजा, आणि पुढच्या सीटच्या लगेच मागे एका बाजूला सरकता दरवाजा, त्याची मोकळी जागा ७५ सेंमी.

माझा बेत असा आहे की खाली सगळ्या जमिनीवर ३० सेंमी उंचीचे ड्रॉवर करायचे, मागच्या दरवाज्यातून बाहेर ओढायचे, आणि त्यांच्यावर अगदी मागे, दरवाज्याला लागून चिंगीचा कप्पा, ७० बाय ६० बाय ६०. म्हणजे मागचं दार उघडलं की ती समोरच. सगळं १८ मिमी प्लायमधे, अंदाजे पाच शीट लागतील. कप्प्याच्या पुढे, सीटपर्यंत, दोन्ही बाजूंना रॅक.

विचारायचं हे आहे की कप्पा कुठे असावा, प्लाय बरं की पत्रा, जमिनीला कसं पक्कं करायचं, आणि हवेचं काय. सुताराला काम द्यायच्या आधी तुमच्याकडून ऐकलेलं बरं.


दोन_व्हॅन_झाल्या

कप्पा अगदी मागे नका घेऊ. मी पहिल्या व्हॅनमधे अगदी हेच केलं होतं, ड्रॉवरच्या वर, मागच्या दाराला लागून, कारण उघडलं की कुत्रा समोर हे फार सोयीचं वाटतं. त्रास प्रवासात कळतो. मागच्या चाकांच्याही मागे गाडी सगळ्यात जास्त उडते आणि वळणावर सगळ्यात जास्त झोके खाते, त्यात तुम्ही कप्पा ३० सेंमी उचललाय म्हणजे वरचा झोका आणखी मोठा. माझा कुत्रा तासाभराने लाळ गाळायला लागायचा, सारखी जांभई द्यायचा, मला वाटायचं झोप आलीये. गाडी लागली की कुत्री अशीच करतात हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या व्हॅनमधे कप्पा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, खाली जमिनीलगत घेतला आणि लाळ गाळणं पहिल्या आठवड्यातच जवळपास बंद झालं.

दुसरं कारण त्याहून मोठं. मागून कोणी धडकलं तर सगळ्यात आधी चेपते ती मागची जागा, गाडीची रचनाच तशी असते की टोकं चेपून आतल्या माणसांपर्यंत धक्का कमी पोचावा. त्या चेपणाऱ्या जागेत तुम्ही चिंगीला ठेवताय. शिवाय मागचं दार चेपून अडकलं तर तिला बाहेर काढणार कुठून? तुमच्या बेतात दुसरी वाटच नाहीये. कप्प्याला दोन दारं हवीत, दोन वेगवेगळ्या बाजूंना, ही गोष्ट मी कोणालाही पहिली सांगतो.

आता थोडा हिशोब, कारण ब्रेकचा अनुभव तुम्ही घेतलाय पण टक्कर वेगळी. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. एवढ्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट पडतो. २६ किलोची चिंगी त्या क्षणी ५०० किलोच्या ओझ्यासारखी पुढच्या भिंतीवर जाते, १५ किलोची पान्ह्यांची पेटी ३०० किलोची होते. म्हणून गाडीच्या दिशेने कप्पा लांबलचक ठेवायचा नाही. जितकी मोकळी जागा पुढे, तितकी ती आधी मोकळी उडणार आणि मग आपटणार. कप्पा आडवा घ्या, म्हणजे ती गाडीच्या रुंदीत पाय ताणून झोपेल आणि प्रवासाच्या दिशेला तिच्यापुढे जागा कमीच राहील.

आणि ७० बाय ६० हे माप आलं कुठून? तिला उभी करून टेपने मोजलंय का, की ड्रॉवर आणि रॅक काढून उरलं तेवढं तिला दिलंय? रागावू नका, पहिल्या खेपेला मीही उरलेलं दिलं होतं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, उभी असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा, आणि ती कुशीवर पाय पसरून गाढ झोपलेली असताना पाठीपासून पंजांपर्यंत मोजा, हे तिसरं माप कोणी घेत नाही. आधी तिची जागा काढा आणि मग जे राहील त्यात सामान बसवा. सामानाचे तुकडे करता येतात हो, तिचे नाही.


पत्रा_आणि_प्लाय

वरच्यांचं पटलं. मी गाड्यांची आतली कामं करतो म्हणून त्या बाजूने लिहितो.

पाच शीट १८ मिमी म्हणजे काय होतं बघा. ८ बाय ४ ची १८ मिमी शीट ३० किलोच्या वर भरते, म्हणजे दीडशे किलो नुसतं लाकूड, अजून एक पान्हा आत ठेवला नाहीये. १२ मिमीची शीट वीसेक किलो. ड्रॉवरच्या बाजू १२ मधे होतात, तळ ९ मधे होतो खाली दोन पट्ट्या मारल्या तर. १८ फक्त तिथे जिथे चॅनलचे (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांचे) स्क्रू धरायचेत किंवा तुम्ही वर पाय देऊन चढणार आहात. गाडीच्या कागदावर किती वजन चालतं ते आधी बघा, त्यातून तुमचं, चिंगीचं, हत्यारांचं आणि पाण्याच्या कॅनचं वजन वजा करा (पाणी लिटरला किलो) आणि जे उरेल त्यात फर्निचर बसवा. बरेच जण उलटं करतात आणि मग मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, ब्रेकचं अंतर वाढतं, टायर लवकर झिजतात.

प्लाय मरीन ग्रेडचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या. कुत्रा असलेल्या गाडीत ओल कायम असते, ओले पंजे, सांडलेलं पाणी, श्वासाची वाफ. कापलेली कड उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरतं, म्हणून कडेला दोन हात पॉलियुरेथेन मारा आणि चिंगीच्या तोंडाशी येणाऱ्या कडांवर ॲल्युमिनियमचा अँगल लावा. चावणारी नसली तरी कंटाळली की कड कुरतडतात. रंग किंवा डिंक लावला की गाडी दारं उघडी टाकून निदान आठवडाभर तरी ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत तिला आत बसवू नका, आपल्याला येत नाही तेव्हाही तिला येत असतो.

कप्प्याच्या चौकटीला मी ॲल्युमिनियमचं ४० बाय ४० चं खाचेचं सेक्शन वापरतो. वेल्डिंग लागत नाही, चुकलं तर सोडवून परत बांधता येतं.

आता जमिनीला पक्कं करण्याबद्दल, इथे सगळे चुकतात. प्लायमधून पत्र्यात नुसते स्क्रू मारायचे नाहीत. M8 बोल्टची ताकद भरपूर असते, धक्क्यात बोल्ट तुटत नाही, त्याच्याभोवतीचा पातळ पत्रा फाटतो. म्हणून खालून रुंद पट्टी द्यायची, ३-४ मिमी जाड, हाताच्या पंज्याएवढी तरी. नाहीतर त्याहून चांगलं म्हणजे कंपनीने माल बांधायला ज्या कड्या दिलेल्या असतात त्यांच्याच जागा वापरायच्या, तिथे खाली आधीच मजबुती असते. भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघा, इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून गेलंय ते, आणि तिथे खडूने खूण करा. भोक पाडल्यावर बर (भोकाच्या कडेला राहिलेली धारदार कोर) कानशीने काढायची, उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर, मग सिलंट, मग बोल्ट. हे नाही केलं तर गंज भोकापासून सुरू होऊन प्लायखाली पसरतो आणि दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. बाजूच्या खांबांना मात्र हात लावू नका, तिथून सीटबेल्ट जातो, काही गाड्यांत एअरबॅगही.

आणि एक, कप्पा पुढे नेलात तर ड्रॉवर चिंगीच्या मागे येणार. म्हणजे ब्रेक दाबला की पितळी फिटिंगनी भरलेले ड्रॉवर तिच्याकडे धावणार. ड्रॉवरचा सांगाडा स्वतंत्रपणे जमिनीला बांधा, तो कप्प्यावर टेकला म्हणून झालं असं करू नका. कप्प्याने फक्त चिंगीचं ओझं घ्यायचं, सामानाचं एक किलोही नाही. दोघांच्या मधे बोटभर फट ठेवा, मग खात्री राहते.


चिंगीसोबत

बापरे, ड्रॉवर तिच्याकडे धावणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि माप उरलेल्यातूनच काढलं होतं, खोटं कशाला सांगू. उद्या मोजतो.

चॅनल कुठले घेऊ? आणि खडखडाट होतो का फार?


पत्रा_आणि_प्लाय

घरच्या फर्निचरचे टेलिस्कोपिक चॅनल साधारण ४५ किलोपर्यंतचे असतात, ते आकडे स्थिर कपाटासाठी. गाडीत खड्डे असतात, म्हणून जेवढं भरणार त्याच्या दुप्पट क्षमतेचे घ्या. आणि लॉक होणारेच, आत ढकलल्यावरही लॉक आणि पूर्ण बाहेर ओढल्यावरही लॉक. चढावर गाडी लावलीये, ड्रॉवर ओढला आणि तो लॉक नसेल तर सगळा पोटावर येतो. फार लांब ड्रॉवर करू नका, १०० सेंमीच्या आत ठेवा, त्याच्या पुढची उरलेली जागा वरून झाकण उघडणारी पेटी करा, क्वचित लागणारं सामान तिथे.

खडखडाटाला नमद्याची पट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, जिथे जिथे लाकूड पत्र्याला किंवा लोखंड लोखंडाला टेकतं तिथे. पान्हे सुटे टाकायचे नाहीत, फोममधे प्रत्येकाचा आकार कापून बसवायचा. हे नुसतं आपल्या डोक्याला त्रास म्हणून नाही, कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, आपण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, ते ४५ हजारांच्या आसपास. लोखंडाची जी किणकिण आपल्याला सवयीने ऐकू येईनाशी होते ती तिच्या कानाशी दिवसभर चालू असते.


सावलीत_लावा

हवेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, आणि थोडं लांब लिहीन.

आमच्या व्हॅनमधे मागे एक छान कप्पा होता, जाळी, मऊ गादी, सगळं. एकदा एका कामासाठी उतरलो, आकाश ढगाळ होतं, पाच मिनिटांचं काम म्हणून खिडक्या चार बोटं खाली ठेवून गेलो. कामाला वीस मिनिटं लागली आणि मधे ऊन आलं. परत आलो तर आमचा राजा कप्प्यात उभा, पाय फाकवून, जीभ पार बाहेर आणि जांभळट लाल, डोळे आमच्याकडे पण ओळख नाही. आम्ही त्याला ओढून सावलीत आणलं, कॅनमधलं सगळं पाणी पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला आणि तसाच ओला डॉक्टरकडे नेला. वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की आधी थंड केलंत म्हणून वाचला, तसाच गरम आणला असता तर वाटेतच गेला असता. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

म्हणून आकडे पाठ आहेत. बाहेर २४ अंश असताना, म्हणजे आपल्याला छान वाटतं तेव्हा, उन्हात बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ च्या आसपास होतं आणि अर्ध्या तासात ४० च्या वर जातं. खिडकी थोडी खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचं अंगच मुळात ३८.३ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की उष्माघात, म्हणजे हातात दोन अंश आहेत. घाम त्यांना पंजांतून थोडाफार येतो बस, बाकी सगळं धापा टाकून, जिभेवरचं पाणी वाफ होऊन. बंद कप्प्यात त्याच्याच श्वासाने हवा दमट झाली की वाफ होणं कमी होतं आणि धापा टाकण्याचा उपयोगच संपतो. पेटीसारखा बंद कप्पा म्हणून वाईट, प्लायचा असो की पत्र्याचा.

करायचं काय तर हवा खालून आत आणि वरून बाहेर. कप्प्याच्या तळाजवळ, सावलीच्या बाजूला आत यायची वाट, आणि गाडीच्या टपावर बाहेर फेकणारा पंखा. नुसता कप्प्यात छोटा पंखा लावून उपयोग नाही, तो तीच गरम हवा फिरवतो. कप्प्यासाठी कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा पुरतो, साधारण ०.२ अँपिअर घेतो, आठ तासांना दोन अँपिअर-तासही जात नाहीत, पण टपावरचा मोठा पंखा जास्त घेतो म्हणून गाडीच्या मुख्य बॅटरीवर न ठेवता दुसरी छोटी बॅटरी ठेवा आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्या. टपाला आतून इन्सुलेशन लावा, बंद कणांचा फोम, जो पाणी पीत नाही. त्याच्यावर आतून पातळ पॅनल, नाहीतर फोमचे तुकडे उडून तिच्या अंगावर.

आणि हे सगळं करूनसुद्धा लक्षात ठेवा, पंखा बाहेरच्याइतकीच गरम हवा आत आणतो, त्याहून थंड नाही. बाहेर ३५ असेल तर आत ३५ च्या खाली येणार नाही. तापमान सांगणारं सिमकार्डचं यंत्र मिळतं, मोबाइलवर मेसेज येतो, आम्ही ते लावलंय, पण रेंज गेली तर तेही मुकं. त्यामुळे आमचा नियम असा की उन्हात राजा गाडीत एकटा राहतच नाही, काम सोडावं लागलं तरी. तुमचं काम लोकांच्या घरी असतं, त्यांना फोनवर आधीच विचारा की कुत्री सावलीत बांधली तर चालेल का. बहुतेक हो म्हणतात.

इंजिन चालू ठेवून एसी लावून जाऊ हाही विचार करू नका. इंजिन मधेच बंद पडतं, आणि धूर वेगळाच. मागचं दार थोडं उघडं बांधून हवा येईल म्हणून कोणी चालवत असेल तर तेही धोक्याचं, चालत्या गाडीच्या मागे हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर सायलेन्सरचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.


शेपटीवाले

दोन छोट्या गोष्टी. जाळी घेणार असाल तर चौकोनी वेल्डची तारजाळी शक्यतो नको, दात किंवा नखं अडकतात, आमच्या कुत्रीचा सुळा अर्धा तुटला होता जाळी चावून. भोकांचा पत्रा किंवा उभे गज बरे, गजांत २५ मिमीच्या आसपास अंतर, नाक बाहेर येणार नाही असं. आणि कप्प्यात बसवताना गळ्याचा पट्टा काढायचा, पट्ट्याची कडी फटीत अडकली की ती ओढते आणि आणखी आवळते.

दुसरं, कूलंटची बाटली, ती तिच्या कप्प्याच्या बाजूला तर नकोच, वरच्या खणातही नको, गळलं तर खालीच येणार. इथिलीन ग्लायकॉल असतं त्यात, चवीला गोड, चाटतात आणि किडनी जाते. थोडंसं पुरतं. आम्ही ती झाकणाच्या वेगळ्या डब्यात मागच्या टोकाला ठेवतो.


तयारच_बरा

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढं सगळं घरी करण्यापेक्षा टक्कर-चाचणी झालेला तयार क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) घ्या आणि त्याच्याभोवती खण करा. घरी बनवलेला कप्पा कितीही मजबूत दिसला तरी तो धडकून बघितलेला नसतो.


दोन_व्हॅन_झाल्या

तयारच_बरा, हे म्हणणं खरं आहे आणि सीट असलेल्या गाडीत मीही तयारच घ्या म्हणेन. पण तयार क्रेटही पट्ट्यांनी नीट बांधला नाही तर तो कुत्र्यासकट उडतो, चाचणी बांधलेल्या क्रेटची झालेली असते. आणि त्यांची मापं ठरलेली. चिंगी ८ वर्षांची आहे, रोज आठ-दहा तास त्यात काढणार, आडवी ताणून झोपता येईल असा बसत असेल तर घ्या, नाहीतर बनवा. चिंगीसोबत, तुम्ही मोजलंत का?


चिंगीसोबत

मोजलं. नाक ते शेपटीचं मूळ ८५, उभी असताना डोक्यापर्यंत ६८, आणि कुशीवर पसरून झोपल्यावर पाठ ते पंजे ६२. म्हणजे माझ्या ७० बाय ६० बाय ६० च्या कप्प्यात ती उभीसुद्धा राहिली नसती. वाचून झोप लागेना.

मग काल फ्रिजचा मोठा पुठ्ठा आणला, त्याचा कप्पा कापून चिकटपट्टीने जोडला आणि व्हॅनमधे पुढे, सरकत्या दरवाज्याशी ठेवला. आधी ९५ बाय ५५ केला होता, ७० उंच. चिंगी आपणहून आत गेली, वास घेतला, वळायला लागली आणि अर्ध्यात अडकली, ढुंगण एका भिंतीला, नाक दुसऱ्या भिंतीला, आणि माझ्याकडे बघत राहिली की आता काय करू. पुठ्ठा दोन्हीकडून फुगला होता. जिथे फुगला तिथे मी पेन्सिलने खुणा केल्या आणि त्या खुणांवरून नवा कापला, १०० आडवा, ६५ गाडीच्या दिशेने, ७५ उंच. यात ती तीनदा गोल फिरली, धपकन बसली, हनुवटी कडेवर ठेवली आणि मोठा सुस्कारा सोडला. पंधरा मिनिटांत घोरायला लागली. मी बाहेर जमिनीवर बसून बघत होतो, आठ वर्षांत मी तिला एकदाही टेपने मोजलं नव्हतं.

नवा बेत: कप्पा पुढच्या सीटच्या मागे, जमिनीलगत, १०० बाय ६५ बाय ७५, ॲल्युमिनियमच्या चौकटीत, खालचे २५ सेंमी बंद पॅनल, वर भोकांचा पत्रा. कप्पा आणि सीटच्या मधे गाडीच्या पूर्ण रुंदीचं पार्टिशन. कप्प्याच्या बाजूला ५० सेंमी जागा उरते तिथे उंच पाइप आणि झाडू वगैरे उभे, पट्ट्याने बांधून. मागे ड्रॉवर दोन, १०० सेंमीचे, जड सामान खाली, मागच्या चाकांच्या पुढे येईल तेवढं पुढे. रॅकवर फक्त हलकं, टेप, वॉशर, कापडं. १८ ची एकच शीट, बाकी १२.

मुख्य दार सरकत्या दरवाज्याकडे, कप्प्याची ६५ ची बाजू त्या ७५ च्या जागेत बरोबर येते. दुसरं दार मात्र सुचत नाहीये. मागे ड्रॉवर आहेत.


दोन_व्हॅन_झाल्या

हे झकास झालं. दुसरं दार मागच्याच बाजूला, पण वरच्या भागात. तुमचे ड्रॉवर ३० उंच, कप्पा ७५, म्हणजे ड्रॉवरच्या वर कप्प्याची ४५ सेंमी भिंत मोकळी आहे. तिथे चौकट सोडून ४० चं दार बसतं. मागच्या दरवाज्यातून ड्रॉवरवर गुडघे टेकून पुढे सरकायचं आणि उघडायचं. २६ किलोची कुत्री तिथून एका माणसाला ओढून घेता येते. फक्त ड्रॉवरवरची ती वाट कायम रिकामी ठेवायची, तिथे एकदा काही ठेवायला लागलात की ते दार असून नसल्यासारखं. वरच्या प्लायवर रंगीत पट्टी मारून टाका म्हणजे तुम्हालाच आठवण राहील.

कडी अशी घ्या की एका हाताने उघडेल, किल्ली नको, कुलूप तर नकोच. तुम्ही बेशुद्ध असलात तर अनोळखी माणसाला ती दोन सेकंदांत उघडता यायला हवी, म्हणून लाल रंगवा आणि बाजूला "इथून उघडा" लिहा. त्याखाली चिंगीचं नाव आणि घरच्या कोणाचा तरी नंबर. मुख्य दाराला दोन कड्या, वर आणि खाली, एकच असली तर धक्क्यात दार पिळवटून कोपऱ्यातून उघडतं.


सावलीत_लावा

जमीन कशी करताय? गालिचा नको प्लीज, ओल आणि केस धरतो आणि वास कधीच जात नाही. रबरी मॅट, घसरणार नाही अशी, कडा ५ सेंमी वर वळवून कोपऱ्यात सिलिकॉन भरून घ्या म्हणजे पाणी सांडलं तरी प्लायखाली जाणार नाही. वर तिची गादी, कव्हर काढून धुता येईल अशी, दोन कव्हर ठेवा.

आणि ८ वर्षांची आहे, उडी मारून चढवू नका यापुढे. गाडीची जमीन ६० सेंमी उंच धरली तर १८० सेंमीचा उतरता फळा लागेल, तेव्हा चढ वीस अंशांच्या आत राहतो. वरती तीच रबरी मॅट चिकटवा. ठेवायला जागा आत्ताच सोडा, नंतर मिळत नाही, ५० सेंमीच्या त्या उभ्या जागेत मावणार नाही, उंची १३० आहे तुमची. दोन तुकड्यांचा घडीचा करा.


चिंगीसोबत

फळ्याचं बरं आठवण करून दिलंत, ९०-९० चे दोन तुकडे बिजागरीने जोडतो, घडी घालून त्या उभ्या जागेत भिंतीला पट्ट्याने.

काल चौकट उभी केली, अजून दार नाही. इंजिन बंद ठेवून तिला आत खाऊ देतोय दोन दिवस, आज पहिल्यांदा इंजिन चालू करून पाच मिनिटं तिथेच उभे राहिलो, कान टवकारले पण उठली नाही. उद्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणार. जेवण आता घरून निघायच्या दोन-तीन तास आधी देतोय, पोट भरलेलं असताना गाडी लागू नये म्हणून.

एकच शंका उरलीये. चौकटीचे बोल्ट रोजच्या धक्क्यांनी ढिले होतात का, आणि ते बघायचे किती दिवसांनी?


पत्रा_आणि_प्लाय

होतात. आत नायलॉनची कडी असलेले लॉकनट वापरा, आणि प्रत्येक बोल्टवर घट्ट केल्यावर पेंटमार्करने नटापासून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता नुसतं बघून कळतं. पहिल्या आठवड्यात रोज बघा, मग महिन्याला. आणि चिंगीला आत बसवून चालवायच्या आधी तिच्याऐवजी वाळूच्या पोत्यात ३० किलो भरून कप्प्यात ठेवा, रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा कचकन ब्रेक मारा, मग खाली वाकून सगळ्या रेघा तपासा.


चिंगीसोबत

वाळूचं पोतं आजच भरतो. रविवारी ब्रेक मारून बघतो आणि रेघांचे फोटो टाकतो.